बंद बेटावरचा पाडवा

बालीत आकाशवाणी कोल्हापूर लागत नाही, हे मामंजींना पहिल्याच दिवशी कळून चुकलं होतं. तरी त्यांनी रेडिओ बंद केला नव्हता. खरखर, मधूनच एखादं गाणं, न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्या, जे लागेल ते ऐकत ते पायरीवर बसून राहायचे. त्यामुळे पाडव्याच्या आदल्या दुपारी आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण केतुतबाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली आणि रेडिओकडे बोट दाखवून तिने हात जोडले, तेव्हा मी लगेच मध्ये गेले.

"काय म्हणत्या ही बाई?" मामंजींनी मला विचारलं.

बाईचं इंग्रजी मोडकं, माझंही काही फार धड नाही, पण मुद्दा कळला होता. उद्या पहाटेपासून परवा पहाटेपर्यंत या बेटावर आवाज करायचा नाही. दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, कामधंदा नाही, करमणूक नाही आणि घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्यांचं वर्ष संपतं आणि नवं वर्ष असं सुरू होतं.

"विमानं तरी उडतील का न्हाई?"

"विमानतळसुद्धा बंद असतो म्हणते."

मामंजींनी रेडिओ छातीशी धरला. आयुष्यभर पैलवानांच्या घोळक्यात वावरलेला हा माणूस. पण त्या क्षणी एखाद्या लहान पोराचं खेळणं कुणी मागावं तसं त्यांचं तोंड झालं होतं.

माझे सासरे हिंदुराव शेलार हे आमच्या कागल भागातले कुस्तीचे नामांकित निवेदक. मैदानात हलगी कडाडत असताना त्यांचा आवाज हलगीच्या वर निघायचा. माईक बिघडला तर संयोजकांची धावपळ व्हायची, मामंजींची नाही. घरीसुद्धा ते मैदानातच असल्यासारखे बोलत. 'पाणी दे' म्हणाले तरी शेजारणीच्या हातातला तांब्या खाली पडावा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अगदी उलट. त्या तोंडाने कमी आणि भांड्यांनी जास्त बोलायच्या. उलथनं कढईवर दोनदा आपटलं की समजायचं, आज स्वयंपाकघरात जाण्यात अर्थ नाही. ताटं अलगद एकावर एक बसली की सगळं ठीक. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा ही भाषा मला माझ्या नवऱ्याने, रणजितने, शिकवली होती.

आदल्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. दुपारी झोपेत गेल्या, कुणाला त्रास दिला नाही, असं मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तेव्हापासून त्यांना शांतता सोसेना. टीव्ही सकाळी लागला की रात्री त्यांना झोप लागल्यावरही चालूच. न्हाणीत रेडिओ. गडी-माणसं घरी गेली की हे शेजाऱ्यांच्या ओसरीवर. टीव्हीच्या आवाजाची तक्रार आली तेव्हा रणजितने त्यांना आमच्याकडे पुण्याला आणलं, तर तिथे त्यांचा जीव रमेना. गावी गेले की एकटं राहवेना, पुण्यात आले की घर सुटेना. शेवटी रणजितने घराला गिऱ्हाईक पाहिलं. बालीहून परतल्यावर येणाऱ्या रविवारी तो माणूस घर बघायला येणार होता. मामंजी "वीक घर" म्हणाले होते. पण म्हणाल्यावर गोठ्याच्या भिंतीला टेकून खूप वेळ उभे होते, ते मी पाहिलं होतं. मला ते घर जायला नको होतं आणि ते माझ्या हातात नव्हतं.

आत्याबाईंना वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे त्या पाडव्याला दारात गुढी उभी राहणार नव्हती. गल्लीत सगळ्यांच्या दारी गुढ्या आणि आपलं दार ओकंबोकं, हे वडिलांनी बघू नये म्हणून रणजितने ही सहल काढली. पुण्यातला सहलवाला म्हणाला होता, "आपला शालिवाहन शक, त्यांचाही शकच. यंदा दोन्ही नवी वर्षं एकाच दिवशी येतायत. नुसती धमाल असेल." बिचाऱ्याने स्वतः कधी पाडवा तिथे काढला नसावा. नवं वर्ष म्हटलं की ढोलताशे, मिरवणूक आणि श्रीखंड, यापलीकडे आपल्यालाही काही सुचत नाही. नवं वर्ष दार लावून, दिवा मालवून, गप्प बसून सुरू करता येतं हे आमच्या तिघांच्याही गावी नव्हतं.

निदान त्या संध्याकाळी तरी सहलवाल्याचा शब्द खरा ठरला. गावातल्या पोरांनी बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस बनवले होते, सुळे बाहेर, डोळे बटाट्याएवढे. ते खांद्यावर घेऊन झांजा, ढोल, नगारे बडवत अख्खं गाव रस्त्यावर आलं. मामंजी हरखले. चौकात दोन राक्षस समोरासमोर आले आणि पोरं ते गरागरा फिरवायला लागली तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी कानामागे हात नेला आणि सुरू केलं, "आणि लाल लंगोटाच्या पैलवानानं पट काढलाय! हिरवा पैलवान खाली जातोय काय? न्हाई, न्हाई, चपळाईनं सुटलाय!" भोवतालची माणसं हसत होती, टाळ्या वाजवत होती. रणजितने कपाळाला हात लावला, पण तोही हसत होता. आत्याबाई गेल्यापासून मी मामंजींना मैदानातल्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर केतुतबाईने उद्यासाठी शिजवून ठेवलेलं झाकलं. ती साठीची, एकटी, एका पायाने किंचित लंगडणारी बाई होती. तिचा नवरा बऱ्याच वर्षांमागे वारला होता आणि मुलगा दूर कुठे जहाजावर होता. मी तिला विचारलं की आज एवढा गोंगाट आणि उद्या इतकी शांतता, हे काय आहे. ती हसली. आज आवाज करून आम्ही भुतांना जागं करतो, म्हणाली, आणि उद्या गप्प बसतो. भुतं येतात, बघतात, त्यांना वाटतं इथे कुणीच राहत नाही. मग ती निघून जातात.

हे मी मामंजींना सांगितलं. ते हसले नाहीत.

"आमच्यात उलटं असतंय," ते म्हणाले. "घर रिकामं दिसलं की भुतं येत्यात. सांग तिला."

मी सांगितलं. केतुतबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि रेडिओसाठी हात पुढे केला. मामंजींनी रेडिओ तिच्या हातात दिला. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं ते नाही म्हणतील.

सकाळी जाग आली ती काहीच ऐकू न आल्यामुळे. रोज त्या गल्लीतून स्कूटरी जायच्या, कुणीतरी झाडायचं, कोंबड्यांना हाका मारायचं. आज अख्ख्या बेटावर कुणी दार उघडलं नव्हतं. फटीतून पाहिलं तर रस्त्यावर फक्त गावचा रखवालदार, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड गुंडाळलेला, अनवाणी चालत होता. त्याच्या पावलांचाही आवाज नव्हता. मला ते बघून अंगावर काटा आला आणि मनापासून कौतुकही वाटलं. आपल्याकडे एका गल्लीला तासभर गप्प बसवून दाखवा म्हणावं. इथे लाखो माणसांनी वर्षाचा पहिला दिवस कुणालाच न देता असा बाजूला काढून ठेवला होता, आणि ते पाळवून घ्यायला एक अनवाणी माणूस पुरत होता.

मामंजी मात्र पिंजऱ्यात कोंडल्यासारखे फेऱ्या मारत होते. खोली, पायरी, अंगण, परत खोली. रणजित थोडा वेळ त्यांच्याबरोबर फिरला, मग कंटाळून आत जाऊन पडला. मी काही पुटपुटले तरी मामंजी लगेच मोठ्याने उत्तर द्यायचे आणि स्वतःच दचकून थांबायचे. दुपार चढली तसा त्यांचा चेहरा घामेजला. एकदम ते उठले आणि फाटकाकडे चालायला लागले.

मी मागे धावले. "मामंजी, बाहेर जायचं नाही."

"गाडी बघतो एखादी. हमरस्त्याला तरी आवाज आसंल." त्यांनी कडीला हात घातला. "वैजू, मला हितं राहवत न्हाई. माझ्या कानात काय तरी हुतंय."

माझ्या मनात आलं, हे इथेच ठरलं. एक दिवस जो शांतता सोसू शकत नाही तो त्या घरात एकटा कसा राहणार? रविवारी तो माणूस येईल, मामंजी घर दाखवतील, आणि मग कोपऱ्यातल्या चुलीपासून माळ्यावरच्या तांब्याच्या हंड्यापर्यंत सगळं जाईल.

केतुतबाई कधी आली कळलं नाही. तिने कडीवरचा त्यांचा हात काढला नाही की काही समजावलं नाही. ती फक्त फाटकाजवळच्या पायरीवर, जायच्या वाटेतच, आपला दुखरा पाय लांब करून बसली. तिला ओलांडून जायचं म्हणजे त्या पायावरून जावं लागलं असतं. मामंजी दांडगे असले तरी असलं काही त्यांच्याने झालं नसतं. ते उभे राहिले, उभे राहिले आणि शेवटी तिच्या शेजारी बसले. मी थोडं अंतर सोडून अंगणातल्या आंब्याखाली बसले.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. कुठेतरी नारळाची झावळी पडली. पलीकडच्या घरात एक बाळ रडलं आणि लगेच शांत झालं, म्हणजे आईने छातीशी घेतलं असावं. शेतांकडून पाटाचं पाणी वाहत असल्याचं ऐकू यायला लागलं. ते पाणी तीन दिवस तिथेच वाहत होतं आणि मला ते आत्ता ऐकू आलं. मामंजींचे खांदे हळूहळू खाली आले.

मग केतुतबाई उठून जेवणाचं बघायला आत गेली आणि स्वयंपाकघरातून ताटावर ताट ठेवल्याचा आवाज आला. बारीकसाच, अलगद.

मामंजी ताडकन उठले. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत ते उभेच राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि माझ्याशी बोलायला लागले, कुजबुजत. त्या माणसाला कुजबुजता येतं हेच मला माहीत नव्हतं.

"झोपंत न्हाई गेली ती."

मला काही कळेना.

"मी सगळ्यास्नी खोटं सांगितलं. आमचं भांडान झालं हुतं त्या दिवशी. कशावरनं? तर मी म्हनलं चा गार हाय. तिनं आत जाऊन भांडी आपटाय सुरू केली. मी भाईर कुस्त्या बघत बसलोवतो, टीव्हीवर. म्हनलं आपट किती आपटायची ती. आनि मग आवाज थांबला."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मला बरं वाटलं, पोरी. म्हनलं, झाली एकदाची गप. चांगला शांतपनानं कुस्ती बघत बसलो. कुस्ती संपली, दुसरी लागली. मग तहान लागली म्हनून आत गेलो तर ती चुलीपाशी पडलीवती. हातात तांब्या तसाच. डाक्टर म्हनला लगी कळलं आसतं तरी काय झालं नसतं. ते आसंल. पर मला बरं वाटलंवतं. ती जात हुती आनि मी शांततेची मजा घेत बसलोवतो."

"म्हणून टीव्ही," मी म्हणाले.

"आवाज चालू आसला की थांबल्यालं कळत न्हाई."

मी मान वळवली तर मागे खोलीच्या दारात रणजित उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. वडिलांनी त्याला पाहिलं नव्हतं. तो पुढे आला नाही. तिथेच दाराच्या चौकटीला धरून खाली बसला आणि त्याने तोंडावर हात घेतला. आईचा शेवट असा ऐकून कोणीही असाच बसला असता. पण ज्याने दहा महिने हे गिळून टीव्हीचा आवाज वाढवला, त्याच्यावर आम्हा दोघांपैकी कुणालाही रागावता आलं नाही.

केतुतबाई ताट घेऊन बाहेर आली होती. तिला एक शब्द कळला नव्हता. तिने ताट पायरीवर ठेवलं आणि मामंजींच्या शेजारी पहिल्यासारखीच पाय लांब करून बसली. गार भात, खोबऱ्याची भाजी. मामंजी जेवले. अंधार पडायला लागला तरी कुठे दिवा लागला नाही. घरं, रस्ता, झाडं हळूहळू दिसेनाशी झाली आणि वर एवढ्या चांदण्या आल्या की आकाश खाली आल्यासारखं वाटलं. मामंजी हळूच बोलले.

"ह्या बाईचं बराबर हाय. ही गप बसल्या म्हनून तिची भुतं जात्यात. मी इतकं दिस नुसता वरडतोय. माझ्या भुताला कळतंयच की मी घरात हाय. ते कशाला जाईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पहिली स्कूटर गेली तेव्हा मला जरा वाईटच वाटलं. केतुतबाई न्हाऊन, केसांत फूल माळून आली आणि आम्हा तिघांपुढे हात जोडून उभी राहिली. तिच्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा, म्हणाली. या दिवशी सगळे एकमेकांची अशी क्षमा मागतात, मगच चूल पेटते. मी तिला काय चुकलं तुमचं म्हणायला गेले तर तिने डोळे मोठे केले. ते विचारायचं नसतं.

मामंजींनी मला मध्ये घालून तिला विचारलं, "जिची मागायची ती न्हाईच राहिली तर?"

केतुतबाईने कमरेला खोचलेली काड्यापेटी काढली, मामंजींच्या हातात दिली आणि स्वयंपाकघराकडे हात केला. तिचा नवरा त्याच खोलीत बसून तिला भाजी चिरून द्यायचा आणि त्याची क्षमा ती तिथेच मागते, हे तिने मला नंतर सांगितलं. मामंजी आत गेले. आत्याबाई गेल्यापासून त्यांनी आपल्या घराच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता, पाणीसुद्धा बाहेर ठेवलेल्या माठातलं पीत होते. मी दाराशी थांबले. त्यांनी काडी ओढली, शेगडी पेटवली, पातेलं उचललं आणि ते हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मग त्यांनी चहा टाकला. तो इतका कडू झाला होता की रणजितला आणि मला साखर पुन्हा मागावी लागली. केतुतबाई मात्र तो सगळा प्यायली.

रविवारी घर बघायला येणारा माणूस आला. मामंजींनी त्याला चहा दिला, मळा दाखवला, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि घर विकायचं नाही असं सांगितलं. तो रणजितकडे बघायला लागला. रणजित म्हणाला, "घर त्यांचं आहे. त्यांना विचारा." त्या संध्याकाळी आम्ही त्यांना तिथे एकटं सोडून पुण्याला निघालो. गाडीत रणजित दर थोड्या वेळाने फोनकडे बघत राहिला.

पुण्यात पोचल्यावर मी फोन लावला. पहिल्यांदा मला वाटलं लागलाच नाही, कारण पलीकडे टीव्ही नव्हता.

"मामंजी?"

"हं. थांब जरा, हात वलं हाईत." आणि त्यांनी फोन तसाच कुठेतरी ठेवला, बहुतेक ओट्यावर.

मी कान लावून बसले. नळाचं पाणी. मग ताटाला ताट, वाटीला वाटी, कुठे तरी पातेल्याचा ठण्ण आवाज. मी फोन रणजितच्या हातात दिला. त्याला वाटलं काहीतरी झालं. घाबरून त्याने कानाला लावला आणि ऐकत राहिला. खूप वेळ ऐकत राहिला. त्याच्या गालावरून पाणी येत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"काय करतायत?" मी हळूच विचारलं.

"भांडी लावतायत," तो म्हणाला. आणि मग, लहानपणापासून येत असलेली ती भाषा वाचून दाखवावी तसं त्याने सांगितलं, "रागाचा आवाज नाहीये."